अंड्यातून मोटार: एका मूकपटातील दृश्याच्या अभ्यासाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

चार्ली बॉवर्स या अमेरिकन विनोदी मूकपटकाराने १९२६ साली केलेल्या 'एग्ड ऑन' या लघुपटातील एक दृश्य स्वतःच्या हातांनी पुन्हा उभे करून पाहायचे, असे आज नक्की केले. दृश्य असे आहे: एका फोर्ड मोटारीच्या बॉनेटखाली इंजिनाजवळ अंडी ठेवलेली असतात, इंजिनाच्या उबेने ती फुटतात, आणि आतून पिल्लांऐवजी इवल्याशा काळ्या मोटारी बाहेर पडतात. त्या थोड्या लडबडतात, सावरतात, आणि कोंबडीच्या पंखाखाली शिरावे तशा मोठ्या मोटारीच्या पोटाखाली जाऊन दडतात. हे सारे स्टॉप-मोशनने, म्हणजे वस्तू किंचित हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा किंचित हलवायची, अशा रीतीने केलेले आहे.

हे दृश्य मी गेल्या वर्षभरात कितीतरी वेळा पाहिले आणि प्रत्येक वेळी हसू येण्याच्या आधी क्षणभर विश्वास बसला. मोटार अंड्यातून येत नाही हे ठाऊक असूनही डोळे ते मान्य करून मोकळे होतात. लोणकढी थाप ज्या रीतीने पचते त्याच रीतीने हे पचते, आणि ती रीत नेमकी कोणती, हे नुसते पाहून कळणार नाही, करून पाहिले तरच कळेल, असे मला वाटते.

आखणी: सेकंदाला १६ फ्रेम, दृश्याची लांबी २० सेकंद, म्हणजे एकूण ३२० फ्रेम. रोज संध्याकाळी ४० फ्रेम झाल्या तर आठ संध्याकाळी लागतील. प्रत्यक्षात याच्या तिप्पट वेळ जाईल असे धरून चालते.

१२ जानेवारी

आजचा दिवस वाचनात आणि पाहण्यात गेला. हाताला काम लागण्याआधी बॉवर्स कुठून आला हे लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण त्याच्या हाताची सवय तिथेच तयार झालेली आहे.

त्याचा जन्म अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या क्रेस्को या गावचा. लहानपणी आपण सर्कशीत दोरावरून चालत होतो, अशा कथा तो स्वतःविषयी सांगत असे. त्या कितपत खऱ्या मानायच्या हे ज्याने त्याने ठरवावे, पण ज्याच्या पटांत थापाड्यांचे मंडळ भरते त्या माणसाने स्वतःचे चरित्रही त्याच शैलीत सांगावे, हे मला मनापासून भावते. १९१६ च्या सुमारास राऊल बारे यांच्याबरोबर त्याने कार्टूनपटांचा स्टुडिओ चालवला. तिथे बड फिशर यांच्या 'मट अँड जेफ' या चित्रमालिकेवरून हाताने काढलेले कार्टूनपट तयार होत. याच बारे यांच्या नावावर कार्टूनकलेतील एक मूलभूत सोय जमा आहे: प्रत्येक कागदाला ठरावीक जागी भोके पाडून तो खुंट्यांवर बसवायचा, म्हणजे शेकडो चित्रे एकाच जागी अचूक येतात आणि पडद्यावर थरथरत नाहीत. बॉवर्सने कागदावरून वस्तूंकडे येताना ही खुंटीची शिस्त बरोबर आणली असणार, असा माझा तर्क आहे. त्याच्या पटांत वेड्यावाकड्या गोष्टी घडतात, पण पाया कधी डळमळत नाही.

१९२६ आणि १९२७ या दोन वर्षांत त्याने हॅरल्ड मुलर या सहकाऱ्याबरोबर दोन रिळांचे विनोदी लघुपट ओळीने केले. त्यांतले जिवंत माणसांचे चित्रण आणि स्टॉप-मोशन यांचे मिश्रण 'बॉवर्स प्रोसेस' या नावाने जाहिरातीत मिरवले जाई. पुढे बोलपट आले, विनोदी लघुपटांचे दिवस पालटले आणि बॉवर्सचे नाव मागे पडले. १९४६ साली तो गेला तेव्हा त्याची आठवण काढणारे फार थोडे उरले होते.

१३ जानेवारी

कालच्या नोंदीत एक गोष्ट राहिली. १९६० च्या दशकात फ्रान्समधील तुलूझच्या सिनेमातेकचे, म्हणजे चित्रपट-संग्रहालयाचे, रेमाँ बोर्द यांना फिरत्या खेळवाल्यांच्या साठ्यातून काही रिळे मिळाली आणि त्यांवर 'ब्रिकोलो' एवढेच नाव होते. फ्रान्समध्ये बॉवर्सच्या पात्राला त्या काळी याच नावाने ओळखत, आणि ते आले आहे घरच्या घरी काहीतरी जुळवत, ठोकत, खटपट करत बसण्याच्या क्रियापदावरून. मराठीत त्याला 'खटपट्या' याहून चांगला शब्द नाही. या खटपट्याचे मूळ नाव शोधण्यापासून त्याच्या रिळांची पुन्हा जुळणी होण्यापर्यंत बरीच वर्षे गेली. त्याचे कितीतरी पट आजही सापडलेले नाहीत.

१९ जानेवारी

अंडी तयार करण्याचे काम. बारा अंडी दाभणाने दोन्ही टोकांना टोचून, फुंकून रिकामी केली, आतून धुतली आणि सावलीत वाळवली. घरात दोन दिवस भुर्जी चालली आहे.

अंड्याचे कवच जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडीचे असते आणि ते एकदा तडकले की मागे नेता येत नाही. स्टॉप-मोशनमध्ये तर तड एकेका फ्रेमने, माझ्या ताब्यात राहून, वाढायला हवी. पहिला विचार असा होता की दृश्य उलटे चित्रित करावे, म्हणजे तुकडे हळूहळू जुळवत पूर्ण अंडे करावे आणि नंतर फ्रेम उलट क्रमाने लावाव्यात. परंतु उलट्या चित्रणात वस्तूच्या वजनाचा अंदाज चुकतो. पडणारा तुकडा वर उचलल्यासारखा दिसू लागतो. म्हणून दुसरा मार्ग घेतला. बारीक कानसेने कवच आधीच नागमोडी रेषेवर कापायचे, तुकडे आतून मेणाने चिकटवायचे, रेषेवर खडूची पूड आणि गोंद यांचा पातळ लेप द्यायचा, आणि चित्रण करताना सुईच्या टोकाने तो लेप एका वेळी एक मिलिमीटर खरवडत जायचा. कॅमेऱ्याला तड पुढे सरकताना दिसते.

बारांपैकी पाच अंडी कापतानाच फुटली. सात उरली आहेत.

रंगाविषयी एक बारीक नोंद. त्या काळात पुष्कळ चित्रण ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर होत असे आणि तिला तांबडा रंग दिसत नसे, त्यामुळे तांबूस गावरान अंडे तिच्यावर गडद करडे आले असते. मी चित्रण रंगीत करून नंतर त्यातला लाल अंश काढून टाकून कृष्णधवल करणार आहे, म्हणून पांढरी आणि तांबूस अशी दोन्ही अंडी ठेवली आहेत. पांढऱ्या अंड्यावर प्रकाश फार उसळतो. त्याला कोऱ्या चहाच्या पाण्यात पाच मिनिटे बुडवून किंचित मळकट केले.

२६ जानेवारी

पहिली चाचणी, ६४ फ्रेम. फसली, आणि फसण्याचे कारण समजले तेवढे सविस्तर लिहिते.

मोटार छोट्या तुकड्यांची केली आहे. काळ्या कार्डशीटचे अंग, त्यात ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा, शर्टाच्या गुंड्यांची चाके आणि टपासाठी छत्रीच्या जुन्या कापडाचा तुकडा. अंडे साडेपाच सेंटिमीटर लांब आहे आणि उलगडलेली मोटार सात सेंटिमीटर, म्हणून ती घडी घालून आत बसवावी लागते आणि बाहेर येताना तिने उलगडत मोठे व्हावे लागते. माझ्या चाचणीत तडा गेला, कवच बाजूला झाले, मोटार चार सेकंदांत सरळ बाहेर आली आणि निघून गेली. पडद्यावर पाहिले तेव्हा त्यात ना मौज होती, ना नवल. डब्यातून खेळणे काढून ठेवल्यासारखे ते दिसले.

बॉवर्सचे मूळ दृश्य त्यानंतर तीन वेळा पुन्हा पाहिले. त्याच्या मोटारी अंड्यातून बाहेर येतात त्या मोटार म्हणून येत नाहीत. आधी एक काळी, चुरगळलेली, नक्की काय आहे ते न कळणारी घडी दिसते, आणि ती स्वतःला गोळा करत करत मोटार होते. माझ्यात उणीव होती ती नवजात असण्याची. ती कशी आणायची हे मला ठाऊक नव्हते, कारण अंड्यातून पिल्लू बाहेर येताना मी आयुष्यात कधी नीट पाहिलेले नव्हते.

१ फेब्रुवारी ते २ फेब्रुवारी

मावशीच्या गावी दोन दिवस राहून आले. तिची एक कोंबडी खुडूक होऊन एकवीस दिवसांपूर्वी अंड्यांवर बसली होती आणि अंडी शनिवारी फुटतील असे तिने फोनवर सांगितले होते.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास एका अंड्याच्या रुंद टोकाकडे बारीकसा फुगीर टवका उडालेला दिसला. मी कॅमेरा लावून बसले. पुढचे चार तास काहीही घडले नाही. अंड्याला हात लावून पाहावे असे मला वाटले तेव्हा मावशीने हात धरला आणि म्हणाली, "अगं, राहू दे, ते दमलंय. आत बसून दम खातंय. तू उघडलंस तर मरेल." संध्याकाळी चारनंतर ते पिल्लू कवचाला गोलाकार टोचत गेले, टोपणासारखा वरचा भाग ढकलला आणि ओले, चिकट, मान टाकलेले अंग बाहेर लोळले. ते उठायचा प्रयत्न करी, पुढे पडे, निपचित राही, पुन्हा उठे. वाळून त्याचे पिसांचे गोंडस रूप व्हायला रात्र झाली. मग आईच्या पोटाखाली शिरून त्याने फक्त चोच बाहेर ठेवली.

बॉवर्सने हे पाहिलेले होते, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. त्याच्या मोटारी लडबडतात, थांबतात, मग सावरतात, आणि शेवटी नेमक्या पोटाखाली जातात. मोटार अंड्यातून येणे ही एकच गोष्ट त्याने खोटी ठेवली आहे. तिच्या भोवतीचे बाकी सगळे, म्हणजे ऊब, तड, दमणे, उलगडणे, आईकडे धावणे, हे अगदी खरे आहे. लोणकढी थाप मारणाराही असेच करतो: एक धादांत खोटी गोष्ट आणि तिच्याभोवती बारा खऱ्या, तपासून घ्याव्यात अशा गोष्टी.

फोर्डची मॉडेल टी निवडण्यातही हेच आहे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक मॉडेल टी मोटारी तयार झाल्या. १९१४ पासून १९२५ पर्यंत त्या काळ्या रंगातच येत, आणि लोक तिला लाडाने 'टिन लिझी' असे बाईचे नाव देऊन हाक मारत. एकसारख्या काळ्या मोटारी रोज हजारोंनी रस्त्यावर येताना पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात, या पिलावळीसारख्या वाढत आहेत, ही कल्पना आधीच अर्धी तयार असणार. उरलेली अर्धी बॉवर्सने अंड्यातून काढली.

९ फेब्रुवारी

वेळापत्रक बदलले. २० सेकंदांऐवजी ३० सेकंद, म्हणजे ४८० फ्रेम. वाढवलेल्या दहा सेकंदांतली जवळजवळ सहा सेकंदे नुसती थांबण्याची आहेत. पहिला टवका उडाल्यानंतर दोन सेकंद काहीच घडणार नाही. घडी बाहेर लोळल्यावर पुन्हा दोन सेकंद ती पडून राहील. थांबण्यातही फ्रेम टिपाव्याच लागतात, आणि एकाच स्थिर फ्रेमची ३२ वेळा नक्कल केली तर दृश्य मेल्यासारखे दिसते, म्हणून दर तिसऱ्या फ्रेमला तारेचे टोक केसभर हलवायचे ठरवले. श्वासासाठी तेवढे पुरेसे व्हावे.

टेबलाच्या जागी प्लायवुड घेतला आणि चाकांच्या वाटेवर दोन-दोन सेंटिमीटरवर बारीक भोके पाडली. प्रत्येक मुक्कामी मोटार खालून टाचणीने अडकवायची. बारे यांची खुंटी कागदाखाली असे, माझी प्लायवुडखाली आहे.

१६ फेब्रुवारी

आज १४० फ्रेम झाल्या आणि १४१ व्या फ्रेमला माझ्या कोपराचा धक्का तिवईला लागला. मागची फ्रेम पुसट ठेवून तिच्यावर नवी जुळवून पाहण्याची सोय आहे, पण कॅमेरा पूर्वीच्या जागी हजार प्रयत्न करूनही बसला नाही; अंड्याची कड एक-दीड मिलिमीटर सरकलेलीच राहिली. सगळे पुन्हा करावे लागेल.

१७ फेब्रुवारी

तिवई काढून टाकली. कॅमेरा भिंतीला ठोकलेल्या फळीवर पक्का केला. पंखा बंद, खिडकीला काळे कापड, प्रकाश फक्त दोन दिव्यांचा आणि कॅमेऱ्याची सगळी स्वयंचलित मापे बंद.

२२ फेब्रुवारी

काल आणि आज मिळून ११२ फ्रेम. तड आणि पहिला विसावा पूर्ण.

हात काम करत असताना एक विचार सतत घोळत राहिला. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीत वाटाणा लावून त्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून पडद्यावर दाखवली होती आणि भांडवल देणाऱ्याला त्यातून चित्रपटाची शक्ती पटवली होती. पुढे आगकाड्या हलवून त्यांनी 'आगकाड्यांची मौज' ही छोटी फिल्मही केली, जी आज उपलब्ध नाही. बॉवर्सच्या १९२६ च्या 'नाऊ यू टेल वन'मध्ये कलम करण्याची एक नवी युक्ती शोधणारा माणूस आहे आणि तो झुडपाला चक्क मांजर उगवून दाखवतो. फाळक्यांचा वाटाणा खरा होता, बॉवर्सचे मांजर खोटे. दोघांच्या हाताचे काम मात्र एकच, कॅमेऱ्याचा दांडा थोडा फिरवायचा आणि थांबायचे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, हेही इथे स्पष्ट लिहून ठेवते.

२ मार्च

आज ३०४ व्या फ्रेमपर्यंत आले. काळी घडी बाहेर लोळली आहे आणि उलगडते आहे.

उलगडण्यासाठी एकच मोटार पुरत नाही हे चाचणीतच कळले होते. म्हणून चार रूपे केली: पहिले, ओल्या छत्रीच्या कापडाचा चुरगळा, ग्लिसरीन लावून चकचकीत केलेला, दुसरे, त्यातून एक चाक डोकावणारे, तिसरे, चारही चाके पण अंग अजून वाकडे, चौथे, पूर्ण मोटार. एका रूपाच्या जागी दुसरे ठेवताना डोळ्याला खटकू नये म्हणून अदलाबदल नेहमी हालचालीच्या मधोमध केली, विसाव्यात कधीच नाही. स्थिर वस्तूत झालेला बदल प्रेक्षक ताबडतोब पकडतो, आणि धडपडत्या वस्तूतला बदल त्याच्या हातून निसटतो.

स्टॉप-मोशनचा एक जन्मजात दोषही इथे उपयोगी पडतो. प्रत्येक फ्रेम वस्तू थांबलेली असताना टिपलेली असते, त्यामुळे जिवंत चित्रणात वेगामुळे येणारा पुसटपणा तिच्यात येत नाही आणि हालचाल टोकदार, झटक्याझटक्याची दिसते. धावणारा घोडा असा दाखवला तर तो लगेच खोटा वाटतो. नुकते जन्मलेले पिल्लू मात्र खरोखरच झटक्यांनी हलते, आणि यंत्रही झटक्यांनी हलते. बॉवर्सने ज्या वस्तू निवडल्या त्या बहुतेक या दोन प्रकारांतल्या आहेत, आणि ही निवड मला त्याच्या कौशल्याइतकीच महत्त्वाची वाटते.

९ मार्च

उकाडा वाढला आणि दिव्यांच्या उष्णतेने मेण मऊ पडून कवचाचा डावा तुकडा दोन फ्रेमच्या मध्ये आपोआप अर्धा सेंटिमीटर घसरला. काढून टाकायला घेतलेली ती फ्रेम चालवून पाहिली आणि ठेवली. मी मुद्दाम केलेल्या कोणत्याही हालचालीपेक्षा तो घसरणारा तुकडा अधिक खरा दिसतो. उरलेल्या अंड्यांत मात्र मेणात थोडी राळ मिसळली आहे.

१५ मार्च

धुळवडीच्या सुट्टीला जोडून दोन्ही दिवस काम केले. ४८० फ्रेम पूर्ण.

शेवटच्या भागासाठी मोठी मोटार हवी होती. ओळखीच्या एका काकांकडे अंगणात जुनी, बंद पडलेली मोटार उभी आहे. तिच्या पुढच्या चाकाजवळ जमिनीवर प्लायवुड ठेवून शेवटच्या ९६ फ्रेम तिथेच, पहाटे सव्वासहा ते सातच्या दरम्यान, दोन सकाळी मिळून टिपल्या, कारण त्यानंतर सावल्या फार वेगाने सरकतात. तरीही पहिल्या आणि दुसऱ्या सकाळच्या जोडावर उजेड किंचित उडी मारतो. छोट्या मोटारी ओळीने येतात, सर्वांत मागची एक वाट चुकते, थांबते, वळते आणि मग धावत जाऊन चाकामागे शिरते. ती वाट चुकणारी मोटार मूळ दृश्याची नक्कल म्हणून केलेली नाही. मावशीच्या अंगणातले चौथे पिल्लू तसेच वागले होते.

२३ मार्च

आमच्या छोट्या चित्रपट अभ्यास गटात येत्या महिन्यात बॉवर्सचे दोन लघुपट दाखवायचे आहेत आणि त्यांच्या पाट्यांचे, म्हणजे मूकपटात मधेमधे पडद्यावर येणाऱ्या मजकुराचे, मराठी करण्याचे काम माझ्याकडे आहे. 'नाऊ यू टेल वन' हे शीर्षक 'आता तुमची पाळी' असे केले तर थापांचा संदर्भ हरवतो. 'आता तुमची थाप ऐकू' हे अर्थाला धरून आहे, पण लांब आहे. शेवटी 'आता तुमची थाप' यावर थांबले. ज्या सभेत सभासद एकाहून एक मोठ्या थापा सांगतात आणि कोणी अमेरिकेच्या कॅपिटॉल इमारतीत शिरणाऱ्या हत्तींची गोष्ट ऐकवतो, त्या सभेला 'थापाडे मंडळ' म्हटले आहे. पाट्यांची भाषा गंभीर ठेवली आहे. त्या पटात कोणीही डोळा मारत नाही. हत्ती, मांजर आणि पिस्तूल चालवणारा उंदीर हे सगळे शपथेवर दिलेल्या साक्षीसारखे समोर येतात, आणि पाटीने गंमत केली तर ती साक्ष मोडेल.

३० मार्च, गुढीपाडवा

मावशी सणाला आली होती. तिला ३० सेकंदांची फिल्म दाखवली, आधी काहीही न सांगता. अंडे तडकले, थांबले, तेव्हा ती म्हणाली, "दमलंय." काळी घडी बाहेर लोळली तेव्हा तिने "हे काय गं!" म्हणून पडद्याकडे बोट केले, आणि चाके दिसल्यावर मोठ्याने हसली. पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्यांदा पाहताना तिचे सगळे लक्ष शेवटच्या, वाट चुकणाऱ्या मोटारीवर होते.

उरलेले काम: दोन सकाळींच्या जोडावरचा उजेड सारखा करणे, आणि २११ ते २१४ या चार फ्रेममध्ये दिसणारे टाचणीचे डोके पुसणे. घसरलेला कवचाचा तुकडा आहे तसाच ठेवणार आहे.